तायडे सरांची हजेरी

मागच्या महिन्यात शाळेतून फोन आला. मला निवृत्त होऊन दोन वर्षं झाली. आता शाळेतून फोन येतो तो कुणाच्या निरोप समारंभाचा, नाहीतर कुणी गेल्याचा. हा फोन नव्या लिपिकाचा होता. माणूस माझ्या ओळखीचा नाही.

“मॅडम, ऑफिसातला जुना कॉम्प्युटर सुरूच होत नाही,” तो म्हणाला. “जुन्या दहावीच्या याद्या त्याच्यात आहेत. इथले शिपाई सांगतात, पहिले एक कॉम्प्युटरचे सर होते, तायडे म्हणून. त्यांचा नंबर तुमच्याकडे असेल.”

नंबर होता. अजून आहे, मी तो काढलेला नाही. पण मी त्याला म्हटलं, “बटण दाबल्यावर पंख्याचा आवाज येतो का?”

“नाही.”

“मग डबा उघडू नका. भिंतीपासून सुरू करा. त्या बोर्डात मोबाइलचा चार्जर लावून बघा, लाइट येते का. मग वायर डब्याच्या मागे नीट बसलीय का ते अंगठ्यानं दाबून बघा. आणि वायरीच्या वरच एक छोटं काळं बटण असतं, तेही बघा.”

पंधरा मिनिटांनी त्याचा पुन्हा फोन आला. काळं बटणच बंद होतं. झाडताना कुणाचा तरी हात लागला असेल. तो खूश झाला होता. “मॅडम, तुम्ही तर मराठी शिकवत होता ना? हे कुठं शिकलात?”

“तायडे सरांकडून,” मी म्हटलं. “ते आता नाहीत.”

फोन ठेवल्यावर लक्षात आलं, हे वाक्य मी मोठ्यानं पहिल्यांदाच बोलले होते.

आमची शाळा वाशिम जिल्ह्यात, मेडशीच्या पुढे. फाट्यावर एसटीतून उतरायचं आणि सोयाबीनच्या वावरांमधून पंधरा-वीस मिनिटं चालायचं. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. संस्थेची माणसं अजून आहेत, आणि जे सांगणार आहे त्यात त्यांचा जेवढा दोष, तेवढाच माझाही आहे.

एका योजनेतून शाळेला दहा संगणक मिळाले आणि त्यांच्याबरोबर पाच वर्षांच्या करारावर एक शिक्षक मिळाला. विलास तायडे. वय तिशीच्या आत, अंगानं काटकुळे, भर उन्हाळ्यातही शर्टाच्या बाह्या मनगटापर्यंत बटण लावून. आम्हा बाकीच्यांच्या खिशाला पेन असायचं, त्यांच्या खिशाला टेस्टर. बोलणं थोडं आणि तेही ठेवणीतलं नाही, घरी बोलतात तसं वऱ्हाडी. हेडमास्तरांनी पहिल्या आठवड्यातच सुचवलं, की सर, वर्गात जरा शुद्ध बोलत जा. तायडे सर म्हणाले, “शुद्ध बोललो तं पोट्टे समजतात का मी पुस्तकातलं सांगून राह्यलो. मंग ते लिहून घेतात अन् मशीनीकडे पाहतच नाईत.”

उद्घाटनाचा दिवस मला अजून आठवतो. अध्यक्ष आले. फीत कापली, नारळ फोडला, पहिल्या संगणकाचं बटण दाबलं. काहीच झालं नाही. पुन्हा दाबलं. पोरं माना उंचावून बघतायत, हेडमास्तरांच्या कपाळाला घाम. एक जण म्हणाला मालच खराब पाठवला, दुसरा म्हणाला कंपनीच्या माणसाला फोन लावा. तायडे सर खाली बसले, संगणकाची वायर चिमटीत धरली आणि तिच्या मागे मागे गुडघ्यांवर रांगत खोलीबाहेर गेले. व्हरांडा ओलांडला, थेट मांडवापर्यंत. परत आले तेव्हा पँटचे दोन्ही गुडघे मातीनं माखलेले.

“साहेब,” ते अध्यक्षांना म्हणाले, “माईकवाल्यानं आपली पिन काढून त्याची लावली हाय. माईक बंद केला तं हे चालू व्हते.”

अध्यक्षांनी क्षणभर विचार केला आणि भाषणाला उभे राहिले. संगणक दुसऱ्या दिवशी सुरू झाले.

“पयले साधं पाहा” हे त्यांचं बोलणं तेव्हापासून सगळ्या शाळेच्या तोंडी बसलं. कुणाची सायकल अडली, पंप पाणी देईना, फळ्यावरचं गणित सुटेना, की पोरं एकमेकांना ते ऐकवायची. सरांना मात्र त्यात गंमत वाटत नसे. ते खरंच तसे वागायचे. संगणक सुरू झाला नाही की आधी काल त्यावर कोण बसलं होतं त्याला बोलवायचे आणि विचारायचे, “बंद करतानी कसा आवाज आला व्हता? वास आला व्हता का?” खेड्यातला जुना डॉक्टर घरच्या माणसांना विचारतो तसं. मग पेचकस. डबा उघडला की पहिलं काम रॅमची पट्टी बाहेर काढून तिचे पिवळे दात खोडरबरानं पुसायचे. त्यासाठी पोरींमध्ये चढाओढ लागायची. कुणी स्ट्रॉबेरीच्या वासाचं रबर आणलं की सर परत करायचे. “वासाचं नको. त्याच्यात तेल असते. साधं दे.”

त्यांच्याकडे एक वही होती. पोरं तिला आजारपणाची वही म्हणत. दहा संगणकांची दहा पानं. मी एकदा चाळली होती. ‘पाच नंबर: थंडीत दोनदा दाबल्यावर उठते.’ ‘आठ नंबर: पंखा कण्हते, तेल दिले, बरे आहे.’ ‘एक नंबर: काही नाही, पोरगं घाबरलं होतं.’ मी मराठीची शिक्षिका. इतक्या थोड्या शब्दांत इतकं नेमकं लिहिणारा विद्यार्थी मला उभ्या नोकरीत मिळाला नाही, हे मी त्यांना सांगायला हवं होतं. सांगितलं नाही.

रुक्साना नावाची एक मुलगी होती, गाद्या-रजया भरणाऱ्या पिंजाऱ्याची. हुशार, पण घाबरट. एके दिवशी तिनं बटण दाबलं आणि संगणकातून ‘फट्’ असा आवाज आला, जळका वास सुटला, सगळं बंद. ती जी पळाली ती तीन दिवस शाळेत आली नाही. घरी तिनं आईला सांगितलं होतं, की माझ्या हातून शाळेची लाखाची वस्तू गेली, आता मला पोलीस नेतील. चौथ्या दिवशी तायडे सर तिच्या घरी गेले. मी वर्गशिक्षिका म्हणून बरोबर होते. बाप कापूस पिंजत होता, तो हात थांबवून उभा राहिला. सरांनी खिशातून कागदाची पुडी काढली आणि रुक्सानासमोर उलगडली. आत एक पाल, करपून काडीसारखी झालेली.

“हे पाय,” सर म्हणाले. “मशीनीच्या पॉवर सप्लायमंदी बसली व्हती. तू नाई बिघडवलं. हिनं बिघडवलं. अन् हिले शिक्षा बी झाली.”

रुक्साना आधी किंचाळली, मग हसली. सर म्हणाले, “उद्या ये. तो सप्लाय तूच बदलशीन. मी नुसता पाहीन.”

तिनं बदलला. दहावीच्या वर्षी तिनं संगणकाची परीक्षा दिली. परीक्षेच्या सकाळी सात नंबरचं मशीन तारीख चुकीची दाखवायला लागलं, आणि तारीख चुकीची असली की परीक्षेचा प्रोग्रामच उघडेना. संगणकात आठ आण्याच्या नाण्याएवढा एक सेल असतो. वीज नसतानाही घड्याळ चालू ठेवायचं काम त्याचं. सात नंबरचा सेल संपला होता. फाट्यावर तसला सेल मिळत नाही, मालेगावला जाऊन यायला दुपार झाली असती. सरांनी तीन नंबरचं मशीन उघडलं, त्यातला सेल काढला आणि सात नंबरला घातला. तीन नंबर सरांच्या स्वतःच्या टेबलावरचं होतं. तेव्हापासून ते रोज सकाळी सुरू झालं की पडद्यावर तक्रार करायचं, सर एक बटण दाबून तिला गप्प करायचे, आणि मशीन समजायचं की आज एक जानेवारी आहे. कुठल्या तरी फार जुन्या वर्षाची. पुढे मालेगावहून नवा सेल आणला, तोही पोरांच्या कुठल्या तरी मशीनला लागला. दुसरा आणला, तोही तसाच. तीन नंबरचं राहूनच गेलं.

त्याच वर्षी करार संपला.

जिल्ह्यातले त्यांच्यासारखे बाकीचे शिक्षक पांगले. कुणी मोबाइलचं दुकान टाकलं, कुणी जीप घेतली. तायडे सर नागपूरला अधिवेशनाच्या वेळी धरण्याला बसून आले. चेहरा रापलेला, ओठ फुटलेले. आल्या आल्या मला विचारलं, “मॅडम, पाच नंबर कोनी चालू केलं काय? थंडी पडून राह्यली.” आणि दुसऱ्या दिवशी साडेदहाला, प्रार्थनेच्या आधी, ते शाळेत हजर होते. तिसऱ्या दिवशीही.

हेडमास्तर त्यांना नको म्हणाले नाहीत. का म्हणतील? संगणकाचे तास होत होते, तपासणीला आलेले साहेब खूश होऊन जात होते, दहावीचे फॉर्म भरले जात होते. फक्त मस्टरवर त्यांचं नाव नव्हतं. मस्टर आमच्यापुढे फिरायचा, आम्ही सह्या करायचो, आणि तो फिरत फिरत त्यांच्या टेबलाजवळ आला की शिपाई तो उचलून घेऊन जायचा. एक महिना नाही, एक वर्ष नाही. सात वर्षं.

मधल्या काळात एकदा त्यांची बायको, उज्वला, शाळेत आली. मधल्या सुट्टीत मला बाजूला घेतलं. कडेवर दोन-अडीच वर्षांची मुलगी, गौरी.

“मॅडम, तुमचं आयकतात ते,” ती म्हणाली. “त्याईले सांगा ना घरी राहाले. अकोल्याले दुकानात बोलावून राह्यले त्याईले. पगार देतात म्हणे. तुमच्या शाळेत कायले येतात ते? तुमी काय देता त्याईले?”

मी तिला पाणी दिलं, मुलीच्या हातात बिस्किट दिलं. संध्याकाळी सरांना विचारलं, “सर, खरंच, का येता?”

त्यांनी मला खुर्चीत बसवलं आणि तीन नंबरचा पडदा माझ्याकडे वळवला. एका फोल्डरमध्ये ओळीनं फायली होत्या. रोजची एक. प्रत्येकीला त्यांनी त्या दिवसाच्या तारखेचं नाव दिलेलं. एक उघडून दाखवली. ‘सकाळी १०.२० आलो. आठवी अ, नववी ब, तास घेतले. दोन नंबर चालू केले. शाळा सुटल्यावर गेलो.’

“हे माझं मस्टर,” ते म्हणाले. “कधी ना कधी विचारतीन मॅडम, का तुमी कोठी व्हते. तवा म्या काय सांगू, घरी बसलो व्हतो? हजेरी तुटली नाई पायजे.”

त्यांना खरंच वाटत होतं, की कुणीतरी एक दिवस विचारील.

आणि विचारलं. सातव्या वर्षी, दिवाळीच्या सुट्टीत वरून पत्र आलं. करार संपल्यावरही ज्यांनी अखंड काम केलं असेल, त्यांनी आठ दिवसांत पुरावे घेऊन वाशिमला यावं, त्यांचा विचार होईल. सरांनी मला फोन केला तेव्हा त्यांचा आवाज ओळखू येत नव्हता. “मॅडम, पत्र आलं. मी शाळेत जाऊन राह्यलो. हजेरी काढतो.”

दुपारी पुन्हा फोन. आता आवाज अगदी शांत. “मॅडम, तीन नंबर चालू नाई होऊन राह्यलं.”

मी मालेगावहून एसटी धरून गेले. जाऊन मी काय करणार होते कोण जाणे, पण घरी बसवेना. शाळेत फक्त शिपाई आणि ते. संगणकाच्या खोलीबाहेर चपला काढून ठेवलेल्या, म्हणून मीही काढल्या. तीन नंबरचा डबा टेबलावर आडवा, उघडा. सर घाई करत नव्हते. प्लग, वायर, बटण, सगळं पाहून झालेलं. “मॅडम, तुमच्याजोळ पिन हाय का?” त्यांनी विचारलं. मी साडीच्या खांद्याची पिन काढून दिली. ती त्यांनी पॉवर सप्लायच्या हिरव्या आणि काळ्या वायरीत अडकवली. पंखा गरगरला. “सप्लाय जिता हाय,” ते म्हणाले आणि पिन शर्टाला पुसून मला परत दिली.

मग त्यांनी एकेक भाग सुटा केला. पट्टी पुसून लावली. दुसऱ्या मशीनची लावून पाहिली. बटण दाबायचं, कान डब्याशी न्यायचा, थांबायचं. सुरू होताना मशीन एक बारीक ‘टुक’ करतं, ते येत नव्हतं. असा पहिला दिवस गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते बोर्डावर वाकून बसले असताना, मान वर न करता म्हणाले, “मॅडम, मी का म्हनतो, समजा हे नाईच झालं. तं तुमी दोन ओळी लिहून देसान का? का हा मानूस रोज येत व्हता म्हून. पत्रात लिहेल हाय, सोबतच्या मास्तराचं लेखी चालते.”

मला ते माहीत होतं. पत्र मीही वाचलं होतं. आणि आदल्याच संध्याकाळी अध्यक्षांचा फोनही आला होता. सगळ्यांनाच गेला होता. ते रागावले नव्हते, फार गोड बोलले. कुणी तसं लिहून दिलं, तर बिनपगारी माणूस राबवला म्हणून संस्थेच्या अंगावर येईल. मॅडम, तुमचे पाच-सहा महिने राहिले ना? तुमचे पेन्शनचे कागद आमच्याच सहीनं जायचेत.

मी तायडे सरांना म्हटलं, “आधी मशीन सुरू होतंय का बघा ना.”

“व्हय, ते बी खरं हाय,” ते म्हणाले आणि पुन्हा वाकले. नंतर त्यांनी मला कधीच विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी त्यांना दोष सापडला. बोर्डावर नळकांड्यांसारखे छोटे भाग उभे असतात. त्यांतल्या तीन-चारांच्या टोप्या किंचित फुगल्या होत्या, इतक्या किंचित की बोट फिरवल्यावरच कळावं. बंद पडलेल्या नऊ नंबरमधले तसलेच भाग त्यांनी काढले आणि सोल्डरिंगच्या डाखणीनं एकेक बसवले. बटण दाबलं. पंखा फिरला. आणि ‘टुक’.

आम्ही दोघं एकदम बोललो, काय ते आठवत नाही. शिपाई धावत आला. पडद्यावर तीच रोजची तक्रार आली, सरांनी रोजचं बटण दाबलं, आणि मग फोल्डर उघडलं. सात वर्षं तिथंच होती, ओळीनं. सर खुर्चीत मागे टेकले. मी त्यांना रडताना त्याआधी पाहिलं नव्हतं. बाह्यांचं बटण काढून त्यांनी मनगटानं डोळे पुसले.

“उज्वलाले फोन लावता का मॅडम? मले बोलवत नाई.”

मी लावला. तिला सांगितलं, “मिळालं सगळं.” पलीकडून गौरीचा आवाज आला, “आई काहून रडून राह्यली?”

दुसऱ्या दिवशी आम्ही वाशिमला गेलो. माझं त्याच गावात पेन्शनचं काम होतं, निदान मी तसं म्हटलं. सरांनी छापलेले कागद घेतलेच, पण अख्खं मशीनही पोत्यात घालून सुतळीनं बांधून घेतलं. “कागद तं कोनीबी आज टाइप करते. मशीन खोटं नाई बोलत.” एसटीत ते पोतं त्यांनी मांडीवर ठेवलं होतं. खड्डा आला की दोन्ही हातांनी उचलून धरायचे.

कार्यालयातले साहेब वाईट नव्हते, हे मला सांगितलंच पाहिजे. त्यांनी खुर्ची दिली, चहा मागवला. शाळेचा मस्टर मागितला. सर म्हणाले, मस्टरवर नाव नाही. हेडमास्तरांचं प्रमाणपत्र? देत नाहीत. “मग बरोबरच्या शिक्षकांपैकी कुणाचं लेखी? एकाचं दिलं तरी मी पुढे पाठवतो.”

तायडे सरांनी माझ्याकडे पाहिलं नाही. नेमकं तेच मला आजपर्यंत सोसत नाही. मी शेजारच्याच खुर्चीत होते, आणि त्यांनी मान एवढीशीही वळवली नाही. मला अडचणीत टाकायचं नव्हतं त्यांना. मी खिडकीबाहेरच्या लिंबाकडे बघत बसले.

“साहेब, मशीन आणलं हाय,” ते म्हणाले. “रोजची फाइल रोज केली. तुमी तपासून पाहा.”

साहेबांनी आपल्या ऑपरेटरला बोलावलं. पडदा जोडला, वीज दिली. मशीन एका दमात सुरू झालं. ऑपरेटरनं फायलींची यादी उघडली, प्रत्येक फाइल कोणत्या दिवशी तयार झाली तो रकाना काढला आणि खालपर्यंत सरकवत गेला. मग त्यानं साहेबांकडे पाहिलं.

“सर, ह्या सगळ्या एकाच दिवशी केल्यासारख्या दिसतात. एक जानेवारी. सगळ्या.”

सर उठून पडद्याजवळ गेले. वाकून पाहिलं. नावं सात वर्षांची, आणि शेजारी तीच एक तारीख, वरपासून खालपर्यंत. मला वाटलं ते सेलबद्दल सांगतील, रुक्सानाच्या परीक्षेबद्दल सांगतील. त्यांनी तोंड उघडलंही. मग त्यांना कळलं असावं, की हेही कुणी आज रचून सांगू शकतो.

“व्हय साहेब,” ते म्हणाले. “तसंच दिसते.”

साहेबांनी चष्मा काढला. “मला तुमच्यावर अविश्वास नाही हो. पण मी हे वर काय म्हणून पाठवू?”

परत येताना एसटीत पोतं पुन्हा त्यांच्या मांडीवर होतं. मालेगाव जवळ आलं तेव्हा म्हणाले, “म्याच काढला व्हता तो सेल. मले ठाऊक व्हतं का तारीख चुकते. रोज सकाळी दिसे ना मले. पण घड्याळ चुकलं तं चुकलं, काम तं चालते म्हनलं.” मग थोड्या वेळानं, “रुक्सानाची परीक्षा झाली तवा. ते चांगलं झालं.”

मी काही बोलले असते तर ते माफी मागणंच झालं असतं, आणि माफी मागितली असती तर दोन ओळी लिहून द्याव्या लागल्या असत्या. अजून तीन दिवस बाकी होते. मी मालेगावला उतरले. घरी गेले. ते तीन दिवस गेले.

सुट्टी संपल्यावर तायडे सर एकदाच आले. तीन नंबर जागेवर ठेवलं, वायरी लावल्या, वर कापड घातलं, खोलीची किल्ली शिपायाकडे दिली. तास चालू होते म्हणून मला भेटले नाहीत.

एप्रिलच्या शेवटी मी निवृत्त झाले. शाल, श्रीफळ, अध्यक्षांचं भाषण. मे महिन्यात माझे पेन्शनचे कागद मंजूर होऊन आले, आणि ज्या दिवशी ते हातात पडले त्याच दिवशी मी बसून पत्र लिहिलं. ते त्याच दिवशी लिहिलं, हे मी लपवत नाही. सरांना फोन करायचा धीर झाला नाही, म्हणून पत्र देण्यासाठी त्यांचा पत्ता विचारायला मी रुक्सानाकडे गेले. मालेगावला तिचं ऑनलाइन फॉर्म भरायचं केंद्र आहे, दोन मुली हाताखाली आहेत. ती म्हणाली, “मॅडम, सर तर उद्या चाल्ले. पुण्याला. उज्वलावहिनीच्या भावानं सिक्युरिटीचं काम पाहिलं त्यांच्यासाठी. सकाळी जऊळक्याहून गाडी आहे अकोल्याची.”

पुण्यातच, वर्षाच्या आत, गेटवर ड्युटीवर असताना त्यांच्या छातीत दुखलं. तेही मला रुक्सानानंच सांगितलं. तिच्या केंद्रात माणसं रांगेत उभी होती. ती बोलता बोलता थांबली, तोंडाला ओढणी लावून आत गेली आणि त्या दिवशी केंद्र बंद ठेवलं.

पण मी त्यांना शेवटचं पाहिलं ते जऊळक्याच्या स्टेशनवर. ऑटोनं पोचले तेव्हा गाडीला थोडा वेळ होता. फलाटावर माणसं मोजकीच. दोन पिशव्या, एक गुंडाळलेली गादी, उज्वला, गौरी आणि ते. बाह्या नेहमीसारख्या मनगटापर्यंत. मला बघून त्यांना एवढा आनंद झाला, की मला पुढे पाऊल टाकवेना.

“मॅडम! तुमी एवढ्या दूर कायले आल्या?”

उज्वला माझ्याशी बोलली नाही. तिचं बरोबर होतं.

मी पत्र दिलं. ते त्यांनी उभ्या उभ्या पूर्ण वाचलं, शेवटच्या सहीपर्यंत. मी म्हटलं, “सर, उशीर झाला. माहीत आहे मला. तारीख गेली. पण तरी…”

“तारीख तं गेली,” ते म्हणाले. त्यात राग नव्हता. पत्राच्या घडीवरून त्यांनी अंगठा फिरवला. “पण हे मले पायजे, मॅडम. पोरीसाठी. गावात तिले सांगतात, का तुझा बाप शाळेत फुकट झाडू माराले जात व्हता. तिले बी तसंच वाटते.”

गाडी आली. सामान चढवलं, खिडकीजवळ जागा मिळाली. सरांनी गौरीला मांडीवर घेतलं. ती तेव्हा दुसरीतून तिसरीत गेली होती. त्यांनी पत्र उलगडून तिच्यापुढे धरलं.

“वाच.”

“श्री. वि… विलास तायडे,” ती वाचू लागली, एकेक अक्षर जोडत. “हे आमच्या शा… शाळेत बारा वर्षे सं… संग… संगणक शिक्षक होते.” ती थांबली. मान वर करून बापाकडे बघितलं. “बाबा, तुमी सर व्हते?”

उज्वलानं तोंड पलीकडच्या खिडकीकडे फिरवलं.

“पुढं वाच,” तायडे सर म्हणाले.

गाडी हलली. मी खिडकीच्या बाजूनं थोडी चालले. मला वाटलं ते एकदा बघतील, हात करतील. पण त्यांचं लक्ष कागदावर होतं. गौरी अडखळली होती, आणि त्यांनी बोट पुढच्या शब्दाखाली नेऊन धरलं होतं.